थंडींत गारठलेलें डिझेल इंजिन

पुण्यामुंबईच्या मनुष्यास मोटार सुरू करणें म्हणजे किल्ली फिरविणें एवढेंच ठाऊक असतें. किल्ली फिरली, इंजिन घुरघुरलें, गाडी निघाली. यांत कांहीं विद्या असेल किंवा कांहीं धोका असेल असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. परंतु कारगिल, द्रास किंवा लेह येथें जानेवारीच्या पहांटे तीच किल्ली फिरविण्यापूर्वीं मालमोटारीचा चालक तास-तासभर खपत असतो. कोणी डिझेलच्या टांकीखालीं निखाऱ्यांचें घमेलें सरकवितो, कोणी गाळणीवर कढत पाण्यांत भिजविलेलीं फडकीं गुंडाळतो, कोणी रेडिएटरवर गोणपाट बांधतो. आणि कित्येकांनीं तर रात्रभर इंजिन बंदच केलेलें नसतें. या खटपटींपैकीं कांहीं शास्त्राला धरून आहेत, कांहीं निरर्थक आहेत, आणि एक-दोन प्राणघातक आहेत. कोणती खटपट कोणत्या वर्गांत पडते हें ओळखावयाचें, तर डिझेल इंजिन मुळांत पेट कसा घेतें येथूनच आरंभ केला पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनांत विजेची ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड ऊन लागतें, हें ज्यानें हात लावून पाहिलें आहे त्याला या इंजिनाचें अर्धें मर्म समजलेंच. हवा दाबली कीं तापते. आग्नेय आशियांतील लोक पूर्वीं याच गुणाचा उपयोग करून विस्तव पाडीत: लांकडाच्या किंवा शिंगाच्या पोकळ नळींत दट्ट्या जोरानें ठोकावयाचा, कीं दट्ट्याच्या टोकाशीं लावलेला कोरडा भुसा धुमसूं लागे. रूडोल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९२ सालीं आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें इंजिन परीक्षेस उतरलें. आजच्या मालमोटारींतहि तत्त्व तेंच आहे. सिलिंडरमध्यें शिरलेली हवा सुमारें सतराव्या हिश्शाच्या जागेंत दाबली जाते. ती इतकी तापते कीं तींत डिझेलचे सूक्ष्म तुषार सोडतांच ते आपोआप पेटतात.

किती तापते, याचें एक ढोबळ गणित आहे आणि तें मोठें बोधप्रद आहे. हवेचें उष्णतामान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलें, तर एवढ्या दाबाखालीं तें अदमासें २.७ पट होतें. मुंबईच्या सकाळीं हवा ३० अंश सेल्सिअस असली, तर निरपेक्ष मापानें ती ३०३ अंश झाली. तिचे दाबून होतात ८१८, म्हणजे आपल्या नेहमींच्या मापानें ५४५. द्रासच्या सकाळीं हवा उणे २० अंश असेल, तर २५३ चे होतात ६८३, म्हणजे ४१०. बाहेर फरक होता ५० अंशांचा. सिलिंडरच्या आंत तोच १३५ अंशांचा झाला. थंडी डिझेल इंजिनाला अशी वाढत्या व्याजानें सोसावी लागते.

शिवाय हें झालें कागदावरचें गणित, जेथें उष्णतेचा एक कणहि वायां जात नाहीं. प्रत्यक्षांत रात्रभर गारठलेल्या जाड लोखंडी भिंती त्या मूठभर हवेच्या भोंवतीं असतात, आणि हवेंत निर्माण झालेली ऊब त्या क्षणार्धांत शोषून घेतात. दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून थोडी हवा निसटते तेंहि नुकसानच. त्यांत लेहसारखें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० मीटर उंच. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो, म्हणजे प्रत्येक खेपेस सिलिंडरमध्यें हवाच कमी शिरते, आणि जी शिरते तिची उष्णतेची पुंजी त्या मानानें तुटपुंजी असते. ४१० अंशांचा आंकडा अशा रीतीनें घसरत घसरत डिझेल जेथें पेटेल न पेटेल अशा सीमेवर येऊन ठेपतो.

यावर एकच उतारा आहे: इंजिन जलद फिरविणें. दट्ट्या वेगानें वर गेला तर हवेला निसटावयास आणि भिंतींना ऊब शोषावयास वेळच मिळत नाहीं. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास हें सांगावयास नको. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढें विहिरीविहिरीवर डिझेलचीं इंजिनें आलीं. हँडल मारून सुरू करावयाच्या त्या इंजिनांस एक लहानशी दांडी असते. ती उचलून धरली म्हणजे झडप उघडी राहते, हवा दबत नाहीं आणि जड चाक हलकें फिरतें. चाकानें पुरता वेग घेतला कीं दांडी सोडून द्यावयाची. ज्याच्या मनगटांत जोर कमी किंवा ज्याला दांडी सोडण्याची वेळ साधली नाहीं, त्याचें इंजिन नुसतें फुसफुसून थांबतें. मालमोटारींत मनगटाचें काम बॅटरी आणि स्टार्टर करतात, एवढाच भेद.

आणि नेमकें हेंच काम थंडींत दुष्कर होतें. बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते; उणे १८ अंशांच्या सुमारास तिची फिरविण्याची शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते. त्याच वेळीं इंजिनांतलें वंगणाचें तेल काकवीसारखें दाट झालेलें असतें, म्हणून फिरविण्यास लागणारा जोर मात्र वाढलेला असतो. मिळकत अर्धी आणि खर्च दुप्पट, असा हा संसार. बॅटरी अर्धवट उतरलेली असली तर आणखी एक संकट ओढवतें: पुरी भरलेल्या बॅटरीचें आम्ल उणे ५० अंशांपर्यंतहि गोठत नाहीं, पण पार उतरलेलीचें उणे १० च्या आसपासच गोठतें आणि पेटी फुटते. दुसऱ्या महायुद्धांत रशियाच्या टी-३४ रणगाड्याचें इंजिन डिझेलचें होतें. त्यांत विजेच्या स्टार्टरच्या जोडीला दाबलेल्या हवेच्या बाटल्याहि ठेवलेल्या असत, त्या याच अडचणीवर. १९४१ च्या हिवाळ्यांत मॉस्कोच्या आघाडीवर जर्मनांचीं वाहनें मात्र गोठून पडलीं, आणि इंजिनांखालीं शेकोट्या पेटविणें किंवा रात्रीं ठराविक वेळानें इंजिनें फिरवीत राहणें यावरच त्यांना भिस्त ठेवावी लागली.

तेलाचा प्रश्न आतां बराच सुटला आहे, परंतु डबा पाहून घेण्याची संवय पुष्कळांस नसते. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' अशी खूण असते. त्यांतील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. आणि त्या अक्षरामागचा आंकडा जितका लहान तितकें तें तेल थंडींत पातळ राहतें. १५ डब्ल्यू तेलाची फिरविण्याची परीक्षा उणे २० अंशांवर होते, ५ डब्ल्यूची उणे ३० वर. सपाटीवरील वाहनांत सर्रास वापरलें जाणारें १५ डब्ल्यू तेल घालून जी गाडी द्रासला मुक्कामास जाते, ती आपल्या मर्यादेच्या अगदीं कडेला उभी असते. रेडिएटरच्या पाण्याचेंहि असेंच आहे. पाणी गोठतांना सुमारें एक-अकरांशानें फुगतें आणि त्या फुगण्यापुढें बिडाचें इंजिनहि तडकतें. म्हणून पूर्वीं चालक रात्रीं पाणी सोडून देत आणि सकाळीं तापवून भरीत. त्यांतहि गोठलेल्या बिडावर एकदम उकळतें पाणी पडल्यास तडा जाण्याचें भय असेच. आतां पाण्याच्या बरोबरीनें ग्लायकॉल मिसळलें म्हणजे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीं, आणि तो उपद्व्याप टळतो.

यानंतर खरें अवघड प्रकरण येतें तें डिझेलचें. खोबरेलाची बाटली पौष महिन्यांत सकाळीं उपडी केली तर थेंबहि पडत नाहीं. उन्हांत ठेवावी तेव्हां तेल सुटतें. डिझेलमध्येंहि मेणासारखे घटक विरघळलेले असतात. गारवा वाढला कीं प्रथम तें गढूळ दिसूं लागतें, मग मेणाचे बारीक स्फटिक गाळणीच्या छिद्रांत अडकून ती बंद करतात, आणि शेवटीं डिझेल वाहण्याचेंच थांबतें. भारतीय मानकाप्रमाणें साध्या डिझेलचा हा वाहतेपणाचा शेवटचा बिंदु उन्हाळ्यांत १५ आणि हिवाळ्यांत ३ अंशांहून वर नसावा, एवढीच अट आहे. सपाटीवर ती पुरेशी आहे. लडाखच्या रात्रीला ती मुळींच पुरत नाहीं. म्हणून १७ नोव्हेंबर २०१९ रोजीं इंडियन ऑइलनें लडाखसाठीं हिवाळी डिझेल विक्रीस आणलें. पानिपतच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या या डिझेलचा वाहतेपणाचा बिंदु उणे ३३ अंश आहे.

मग अडचण मिटली काय? मिटली, पण ज्याच्या टांकींत तें आहे त्याच्यापुरती. जम्मू किंवा पठाणकोट येथें टांकी कांठोकांठ भरून निघालेली मालमोटार सपाटीचें डिझेल पोटांत घेऊन वर चढते. दिवसा इंजिन चालू असतें, वापरून उरलेलें थोडें ऊन डिझेल टांकींत परत येत राहतें, म्हणून कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें मुक्कामावर, रात्रीं. हिवाळी डिझेल मिसळावयाचें तर मेण धरण्यापूर्वीं मिसळावें लागतें; एकदां स्फटिक बनल्यावर वरून ओतलेलें चांगलें डिझेल त्यांना सहजासहजीं विरघळवीत नाहीं. तेव्हां टांकी शक्य तेवढी रिकामी करून वर पोंचावें, आणि संध्याकाळीं, इंजिन ऊन असतांनाच, तेथील डिझेल भरून गाडी थोडी चालवावी, म्हणजे नळ्यांत आणि गाळणींतहि तेंच पोंचतें. पाणी वेगळें काढणाऱ्या भांड्याची खालची तोटी त्याच वेळीं सोडून घ्यावी, कारण तेथें सांचलेलें घोटभर पाणी सकाळीं बर्फाचें बूच होऊन बसतें. अर्थात् इंजिन सकाळीं तापविण्याचें काम खरें म्हटलें तर आदल्या संध्याकाळींच सुरू होतें.

मेण धरल्याचें एक चमत्कारिक लक्षण आहे आणि त्यानें नवखे चालक हमखास फसतात. सकाळीं इंजिन ठीक सुरू होतें. चालक समाधानानें निघतो. फर्लांग-दोन फर्लांगांवर तें गुदमरतें आणि बंद पडतें. नळ्यांत शिल्लक असलेल्या डिझेलवर तें सुरू झालेलें असतें. पुढचें डिझेल गाळणींत अडकलेलें असतें. या वेळीं स्टार्टर मारीत राहिलें तर बॅटरी तेवढी उतरते. गाळणीला ऊब दिली पाहिजे, आणि ती कढत पाण्याच्या फडक्यानें द्यावी. अशा प्रसंगीं उघड्या ज्वाळेचा मोह अनेकांस पडतो. गाळणीभोंवतीं रबराच्या नळ्या, विजेच्या तारा आणि डिझेलचा ओलावा असतो. तेथें पेटता बोळा नेणें म्हणजे गाडी जाळण्याचीच तयारी.

टांकीखालचीं निखाऱ्यांचीं घमेलीं हीहि त्याच जातीची युक्ति आहे, मात्र ती करणाऱ्यांची सर्वस्वीं थट्टा करूं नये. दुसरें साधन हाताशीं नव्हतें तोंवर या घमेल्यांनींच लडाखची वाहतूक चालविली. ज्वाळा नसलेले, राखेनें झांकलेले निखारे, पत्र्याचें आडोशाचें झांकण आणि शेजारीं जागता मनुष्य एवढें असेल तर मंद ऊब मिळते. पण तेलाच्या तळभांड्याखालीं प्रखर आंच दिली तर तळाचें वंगण करपतें आणि वरचें दाटच राहतें. शिवाय ब्रेकच्या हवेच्या नळ्या वितळल्या तर उतारावर काय होईल तें सांगावयास नको. दुसरी जुनी युक्ति रॉकेल मिसळण्याची. त्यानें मेण धरण्यास उशीर लागतो हें खरें आहे. परंतु डिझेलचा पंप आणि तुषार सोडणाऱ्या सुया यांना वंगण मिळतें तें डिझेलपासूनच, आणि रॉकेल त्या बाबतींत कोरडें आहे. जुन्या इंजिनांनीं तें कसेंबसें सोसलें; अतिशय उच्च दाबावर चालणारे आजचे पंप तें सोसत नाहींत.

थंड देशांत या प्रश्नाचें उत्तर विजेनें दिलें आहे. अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा राज्याच्या अँड्र्यू फ्रीमन या गृहस्थानें इंजिनाच्या एका बोल्टाच्या जागीं बसणारा विजेचा हीटर काढला. १९४९ सालीं त्याला पेटंट मिळालें. कॅनडा आणि अलास्का येथें आज गाड्या उभ्या करण्याच्या जागीं विजेचे खांब असतात, आणि रात्रीं गाडीची दोरी त्यांत खुपसून ठेवणें हें तेथें दाराला कडी लावण्याइतकें अंगवळणीं पडलेलें आहे. सकाळीं इंजिन कोमट असतें आणि पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहींत. रस्त्याच्या कडेला मुक्काम करणाऱ्या आपल्या मालमोटारवाल्याला तो खांब कोठून मिळावा? म्हणून तो सरळ इंजिन रात्रभर चालू ठेवतो.

हा उपाय दिसावयास बिनधोक दिसतो. वास्तविक तो खर्चाचा आहे आणि इंजिनाच्या मुळावर येणाराहि आहे. मोठ्या मालमोटारीचें इंजिन नुसतें उभ्यानें चाललें तरी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातें. आणि एवढें जाळून तें ऊन राहतें म्हणावें, तर तेंहि पुरतेंपणीं नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत उभ्या चालींत हवेचीहि वाट आवळलेली असते. डिझेलच्या इंजिनांत दर खेपेस सिलिंडर भरून हवा येते आणि तींत डिझेलचा एक ठिपका जळतो. प्रशस्त दिवाणखान्यांत एक पणती लावावी तसा हा प्रकार. कडक थंडींत तापलेलें इंजिनहि उभ्या चालींत हळूहळू निवूं लागतें. मग डिझेल धड जळत नाहीं. न जळलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढतात आणि खालीं उतरून वंगण पातळ करतात; झडपांवर आणि धुराड्यांत चिकट काजळी सांचते. १ एप्रिल २०२० पासून भारतांत नव्या वाहनांस बी. एस. सहा हीं धुराचीं कडक मानकें लागू झालीं. या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारें आणि धूर शुद्ध करणारें उपकरण असतें. त्याला काम करावयास उष्णता लागते, आणि तासन् तास उभ्या चालींत ती मिळत नसल्यामुळें उपकरण तुंबतें. त्यांत वापरलें जाणारें यूरियाचें द्रावण उणे ११ अंशांवर गोठतें, पण त्याची काळजी चालकानें करावयास नको. टांकी फुटणार नाहीं अशी ती बनविलेली असते, आणि इंजिनच्या ऊन पाण्यानें द्रावण पुनः वितळतें.

परंतु रात्रभर इंजिन चालू ठेवण्यांत इंजिनाहून मोलाची वस्तु धोक्यांत येते. चालक आणि क्लीनर त्याच केबिनमध्यें, कांचा घट्ट लावून निजलेले असतात. रात्रींत बर्फ पडून धुराड्याचें तोंड बुजलें, किंवा नळीला एखादी फट असली, तर धूर केबिनखालीं कोंडतो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणें चिकटतो. निजलेल्या मनुष्यास गुदमरल्यासारखें वाटत नाहीं. डोकें जड होतें, ग्लानि येते, आणि ती झोंपेंतच मिसळून जाते. पेट्रोलच्या मानानें डिझेलच्या धुरांत हा वायु कमी असतो हें खरें. पण इंजिन बंद ठेवून उबेसाठीं जी कोळशाची सिगडी केबिनमध्यें घेतली जाते, ती या वायूची खाणच आहे. उत्तर हिंदुस्थानांत सिगडी घेऊन बंद खोलींत किंवा गाडींत निजलेलीं माणसें सकाळीं मृत आढळल्याची वार्ता आल्यावांचून एकहि हिवाळा जात नाहीं. लडाखच्या उंचीवर प्राणवायु आधींच विरळ, तेव्हां तेथें विषारी वायूला फार वेळ लागत नाहीं. डोकें दुखूं लागतांच तो उंचीचा त्रास समजून पुनः पांघरूण ओढून घेणें, ही तेथील विशेष घातक चूक आहे. अशा वेळीं दार उघडून बाहेर पडलें पाहिजे. जाड रजया, उतारावर न निजतां वस्तीच्या ठिकाणीं मुक्काम, आणि शक्य असेल तर धूर स्वतंत्र नळीनें बाहेर टाकणारा केबिनचा डिझेल हीटर, हेच खरे उपाय. हा हीटर तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो. मालकांनीं तेवढा खर्च करण्यास हरकत घेऊं नये. रात्रभर इंजिन चालविण्यापेक्षां तो किती तरी स्वस्त पडतो.

आतां सकाळचें काम. लहान डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या तोंडाशीं विजेनें लाल होणाऱ्या कांड्या असतात. मालमोटारीच्या मोठ्या इंजिनांत बहुधा आंत शिरणारी हवाच तापविणारी विजेची जाळी असते. दोहोंचें कार्य एकच: दाबण्यापूर्वीं हवेला थोडी आगाऊ ऊब देणें, कारण आरंभीं दिलेल्या दर अंशाचे आंत पावणेतीन अंश होतात. किल्ली पहिल्या घरांत आणली कीं वेटोळ्याच्या खुणेचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत स्वस्थ बसणें ही या सबंध विधींतली सर्वांत सोपी आणि सर्वांत अधिक मोडली जाणारी गोष्ट आहे. कोणी घाई करून हवेच्या वाटेंत ईथरचा फवारा मारतात. ईथर सहज पेटतें म्हणूनच तें भयंकर आहे. तापलेल्या जाळीवर तें पडलें तर स्फोट सिलिंडरमध्यें न होतां बाहेरच्या नळींत होतो. जाळी किंवा कांड्या असलेल्या इंजिनास त्याचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

दिवा विझल्यावर क्लच पुरता दाबावा, म्हणजे दांतेपेटींतलें घट्ट तेल घुसळण्याचा भार स्टार्टरवर पडत नाहीं. एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक स्टार्टर मारूं नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्यें मिनिटभर थांबावें. या विश्रांतींत बॅटरी थोडी सांवरते आणि जाळी पुनः तापवितां येते. इंजिन सुरू होतांच पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येतो. तो पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. तें न जळलेलें डिझेल आहे, आणि एक-एक सिलिंडर पेट घेऊं लागला कीं ठोक्यांतला अडखळा जाऊन धूर विरळ होतो.

लगेच एक्सलेटर दाबून इंजिन गरजविणें हा अडाणीपणा होय. दाट तेल पंपानें ओढून वरपर्यंत चढवावयास कांहीं सेकंद लागतात, आणि मिनिटाला लाखाच्या घरांत फेरे घेणाऱ्या टर्बोचार्जरचा आंस तोंवर कोरडा असतो. तेलाच्या दाबाचा कांटा दहा-पंधरा सेकंदांत उठला पाहिजे. न उठल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. कांटा उठला कीं मग तीन ते पांच मिनिटें इंजिन किंचित् चढ्या चालीवर, हजाराच्या आसपास फेऱ्यांवर, चालूं द्यावें. एवढा वेळ मालमोटारवाल्याला नाहीं तरी थांबावेंच लागतें, कारण हवेच्या ब्रेकच्या टांक्या भरून दाब पुरेसा चढल्यावांचून गाडी हलवितां येत नाहीं. या टांक्यांतलें पाणी आदल्या संध्याकाळीं सोडलें नसेल तर तें झडपांत गोठून ब्रेक दगा देतो, हेंहि येथेंच कळतें.

पांच मिनिटांनंतर मात्र उभें राहूं नये. अर्धा-पाऊण तास उभ्यानें इंजिन तापविण्याची रूढी जुन्या चालकांत फार खोल रुजलेली आहे आणि ती सोडावयास ते सहसा राजी होत नाहींत. परंतु इंजिन लवकर ऊन होतें तें ओझें ओढतांना, कारण तेव्हांच तें पुरेसें डिझेल जाळतें. शिवाय दांतेपेटी, मागचा आंस, चाकांचीं बेअरिंगें आणि टायर यांना उभ्या गाडींत ऊब पोंचतच नाहीं. तीं गाडी चालल्यानेंच तापतात. तेव्हां पहिले चार-पांच मैल खालच्या गियरमध्यें, फेरे न चढवितां, मवाळपणें जावें. गियर घट्ट बसत असले तरी हिसका देऊं नये.

रेडिएटरवर बांधलेलें गोणपाट किंवा ताडपत्री या अवधींत उपकारक असते. ती गार वारा अडविते. इंजिनांतील थर्मोस्टॅट ही झडप पाणी ८० अंशांच्या सुमारास तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंदच ठेवते, तरीहि बाहेरचा झोत इंजिनाच्या अंगावर येतोच आणि आच्छादन त्याला थोपवितें. कांटा मध्यावर आला कीं खालची दोरी सोडून निम्मी ताडपत्री गुंडाळून घ्यावी. लेहहून खार्दुंग लाच्या चढणीस लागलेली भरलेली मालमोटार, बाहेर उणे १० अंश असतांहि, पुरती झांकलेली राहिली तर पाणी उकळूं लागतें.